आकसाचे पान

पत्ते खेळणे म्हणजे आयुष्याचा अपव्यय असे मानणारी मंडळी आमच्या परिचयात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पत्ते न खेळून वाचवलेला वेळ त्यांपैकी बहुतेक जण कोणत्या लोकोत्तर कार्यात घालवतात, हे आम्ही अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहो. आमची तक्रार निराळ्याच मंडळींविषयी आहे. ही मंडळी पत्ते खेळतात, चांगले खेळतात, पाने लपवीत नाहीत, भिडूला खुणा करीत नाहीत, हिशेबात एका गुणाची लबाडी करीत नाहीत. आणि तरीही त्यांच्याबरोबर तासभर बसून उठले म्हणजे तोंडाला कडवट चव येते. असे का व्हावे, याचा विचार आम्ही बरेच दिवस करीत आहो.

‘रडी’ हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. ज्याने खेळात अंगचोरी केली, हरल्यावर डाव मोडला किंवा हात आपला नसताना ओढला, तो रडी खेळला असे म्हणून पोरेसुद्धा मोकळी होतात. परंतु आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहो त्यांना हा शब्द लागू पडत नाही. रडी खेळणाऱ्याला निदान जिंकायचे तरी असते. त्याचा हेतू सरळ, मार्ग वाकडा. आकसाने खेळणाऱ्याचा मार्ग अगदी सरळ असतो. वाकडा असतो तो हेतू. आपण जिंकावे ही त्याची इच्छा नसून अमुक एकाने जिंकू नये एवढीच असते, आणि त्यासाठी स्वतःचा डाव मातीत घालण्याची त्याची आनंदाने तयारी असते. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपले नाक कापून घेणारा जो गृहस्थ आपल्या म्हणींतून वावरतो, तो पत्त्यांच्या बैठकीत नेमाने येतो, आणि नाक कापलेले असूनही त्याच्या चेहऱ्यावर समाधान असते.

आता हा गृहस्थ प्रत्येक खेळात शिरू शकतो असे मात्र नाही. दोघेच जण रमीला किंवा बिझिकला बसले असता आकसाला काम उरत नाही. कारण तेथे एकाचे नुकसान तोच दुसऱ्याचा लाभ. प्रतिस्पर्ध्याचा मनातून कितीही तिटकारा असला, तरी तो तिटकारा आणि चांगला खेळ ही दोन्ही तेथे एकाच पानाने साधतात. मेंढीकोट, तीनशे चार किंवा ब्रिज यांसारख्या खेळांत दोन पक्ष असतात, आणि विरुद्ध पक्षाशी आकस धरण्याला तेथेही अर्थ नसतो. पण समोर बसलेल्या आपल्याच भिडूशी तो धरता येतो. आणि तो ज्यांनी धरला त्यांच्या कथा पत्त्यांच्या इतिहासात काही थोड्याथोडक्या नाहीत.

1925 साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने एका समुद्रप्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली, आणि पाचसहा वर्षांत त्या खेळाचे वेड अमेरिकेत घरोघर शिरले. 1931 च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे ईली कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ या दोन धुरंधरांच्या पक्षांत दीडशे रबरांचा सामना सुरू झाला. वर्तमानपत्रांनी तो युद्धवार्तेसारखा छापला. लेन्झसाहेबांचे भिडू ऑस्वल्ड जेकोबी हे त्या काळच्या उत्तमांतले उत्तम खेळाडू. परंतु लेन्झ त्यांच्या खेळाला चारचौघांत नावे ठेवीत गेले, आणि निम्म्याहून अधिक सामना झाल्यावर जेकोबी टेबलावरून उठले ते परत बसलेच नाहीत. उरलेला सामना लेन्झ यांना दुसऱ्या भिडूसह पुरा करावा लागला, आणि तो ते हरले. त्याआधी दोन वर्षे, 1929 साली, कॅन्सस सिटी येथील एका घरात नवरा-बायको शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत असता नवऱ्याने खेळलेले चार इस्पिक झाले नाहीत. बायको बोलली, नवऱ्याने हात उगारला, आणि प्रकरण पिस्तुलापर्यंत जाऊन नवरा प्राणास मुकला. 1931 मध्ये ज्यूरीने त्या बाईस निर्दोष सोडले. इस्पिकांचा दोष त्यात किती आणि संसाराचा किती, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

तथापि आकसाचे खरे माहेर म्हणजे तीन किंवा अधिक खेळाडूंचा, ज्याचा त्याने खेळायचा खेळ. सावंतवाडीची गंजिफा आपणांपैकी पुष्कळांनी काचेच्या कपाटात पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा, अशी एकशेवीस वाटोळी पाने असतात. हुकूम नाही, भिडू नाही, आणि खेळणारे बहुधा तीन. तीन हा आकडाच मोठा घातकी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असे आपण म्हणतो. पण त्या दोघांतला एक जण जाणूनबुजून तो लाभ तिसऱ्याच्या पदरात टाकू शकतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी पाच-तीन-दोन खेळून दुपारी काढल्या असतील, त्यांना हे निराळे सांगावयास नकोच. तीस पाने, तिघांना दहा-दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करावयाचे, एकाने तीन आणि वाटणाऱ्याने दोन. ज्याचे हात अधिक होतील त्याने पुढच्या डावात कमी हात करणाऱ्याची पाने ओढावयाची. म्हणजे या खेळात कर्ज आहे, वसुली आहे आणि वचपाही आहे. सबंध सावकारी तीस पानांत बसवलेली आहे. आपले हात आता भरत नाहीत हे एकदा कळले, की कर्ज तर होणारच. मग ते कोणाचे व्हावे एवढेच हरणाऱ्याच्या हाती उरते. आणि येथेच माणूस ओळखू येतो. जिंकताना नम्र राहणे ही संभावितपणाची गोष्ट असून ती थोड्या सवयीने जमते. हरल्यावर हसतमुख राहणे हेही दात घट्ट मिटून साधते. परंतु ज्याचा डाव गेला आहे, आणि तरीही ज्याच्या हातात चार पाने शिल्लक आहेत, त्याने ती चार पाने कशी टाकावी? खिलाडूपणाची अवघड परीक्षा आमच्या मते हीच, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कारण त्या वेळी सर्वांचे डोळे जिंकणाऱ्याकडे लागलेले असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कठोर खेळ म्हणजे आकस नव्हे. बदाम सात हा खेळच अडवणुकीचा आहे. बदामाची सत्ती पडली की तिच्या वर अठ्ठी आणि खाली छक्की अशी रांग लागावयाची. बाकीच्या रंगांच्या सत्त्या ज्याच्या हाती असतील त्याने त्या आपल्या सोयीने सोडावयाच्या. इस्पिकची सत्ती दाबून ठेवून चार जणांना ‘पास’, ‘पास’ म्हणावयास लावणे हा या खेळातला रस आहे, आणि जो तो दाबून ठेवीत नाही तो भोळा म्हणावा लागेल. आमच्या आप्तांतील एक सोज्ज्वळ वृद्धा, मुंगीला दुखवणार नाहीत अशा, किलवरची अठ्ठी मुठीत धरून अर्धा अर्धा तास जपमाळ ओढावी तशा शांतपणे बसत. आणि त्यांनी कोणाला अडवले म्हणून कोणाला राग आल्याचे आम्हांस आठवत नाही. कारण त्या पानांकडे पाहून खेळत. आकसाने खेळणारा तोंडाकडे पाहून खेळतो. दाबलेले पान दोघांचेही तेच. पण एकाला ते पान सोडण्यात स्वतःचा लाभ दिसताच तो ते सोडतो, आणि दुसरा आपला लाभ बुडत असताही ते सोडीत नाही.

यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. ‘पान माझे आहे. नियमात बसते आहे. मी हरणारच आहे, तर कोणाला जिंकू द्यावे हे ठरवण्याचा मला अधिकार नाही काय?’ कायद्याने पाहता आहे. पण बैठकीला बसताना आपण एकमेकांना न बोलता एक शब्द दिलेला असतो, तो असा की प्रत्येक जण आपापल्या डावाचे हित पाहील. त्या शब्दावरच साऱ्या खेळाची इमारत उभी असते. समोरच्याने राजा टाकला नाही, त्या अर्थी तो त्याच्याजवळ नसावा. याने हुकूम मारला नाही, त्या अर्थी याचे हुकूम संपले असावेत. असे तर्क बांधीत आपण पुढचे पान टाकतो. पत्त्यांतली बुद्धी म्हणतात ती हीच. ज्या क्षणी एक जण स्वतःच्या हिताविरुद्ध खेळू लागतो, त्या क्षणी हे सारे तर्क फोल ठरतात, आणि दोन तास डोके लढवीत बसलेल्या सर्वांची मेहनत एका माणसाच्या मनातल्या जुन्या सलापायी वाया जाते. ज्याच्यावर त्याचा रोख असतो त्याचे नुकसान उघडच होते. परंतु ज्याला तो जिंकवतो त्याचेही होते, कारण त्याची जीत त्याची राहत नाही.

म्हणूनच आम्हांस आणखी एका प्रकाराविषयी बोलावेसे वाटते, आणि ते बोलल्याने काही कोमल मनाचे वाचक आमच्यावर रुष्ट होतील हे आम्ही जाणतो. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी हरू द्यावयाचे नाही म्हणून मुद्दाम पान सोडणारे सासरे, लाडक्या नातवासाठी एक्का झाकणारे आजोबा, कार्यालयातल्या वरिष्ठांसमोर एकाएकी हुकूम विसरणारे कारकून, हे सारे तोंड पाहूनच खेळत असतात. येथे आकसाच्या जागी माया किंवा भीती असते एवढेच. सहा वर्षांच्या पोराला एखादा डाव द्यावा, त्याला आमची ना नाही. पण पोर दहा वर्षांचे झाले की त्याला हे कळते, आणि दिलेला डाव त्याला हरण्याहून जास्त झोंबतो.

ब्रिजचे नियम करणाऱ्यांना हा रोग पुरता ठाऊक असावा. डुप्लिकेट ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सौजन्यासाठी स्वतंत्र कलम आहे. उरलेले सगळे हात आपलेच आहेत हे माहीत असूनही केवळ प्रतिपक्षाला चिडवण्यासाठी एकेक पान सावकाश टाकीत बसणे, समोरच्याचा गोंधळ व्हावा म्हणून खेळाची गती मुद्दाम बदलणे, एखाद्याच्या पानावर पसंती-नापसंती दर्शवणे, इतकेच काय, खेळाकडे पुरेसे लक्ष न देणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीला तेथे नाव घेऊन मनाई केलेली आहे. नियमकारांनी हेतूला हात घालण्याचे धाडस केले, याचे आम्हांस कौतुक वाटते. अर्थात हेतू सिद्ध करणे कठीण. आजकाल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परमुलखातल्या अनोळखी माणसांबरोबर पत्ते खेळता येतात. तेथे हरू लागलेला गृहस्थ आपल्या पाळीची मुदत शेवटच्या पळापर्यंत संपवीत बसतो, किंवा डाव अर्धवट टाकून अदृश्य होतो. तोंड दिसत नाही तेथेही आकस आपले तोंड शोधून काढतो. उलट पुण्या-मुंबईच्या आगगाडीत गुडघ्यांवर वर्तमानपत्र अंथरून रोज खेळणारे पासधारक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यात आरडाओरडा फार, पण आकस क्वचित. कारण उद्या त्याच गाडीला त्याच बाकावर यावयाचे असते, आणि एकमेकांच्या घरादाराच्या वाटण्यांशी कोणालाच कर्तव्य नसते.

वाटणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. 1982 साली जर्मनीत व्हेर्नर ग्युट आणि त्यांचे दोन सहकारी यांनी एक साधा प्रयोग केला. दोघांपैकी एकाने काही रकमेची वाटणी सुचवावयाची. दुसऱ्याने ती मान्य केली तर दोघांना ठरल्याप्रमाणे पैसे, नाकारली तर दोघांनाही काही नाही. केवळ हिशेब पाहणाऱ्याने मिळेल ती पै घ्यावी. परंतु अगदी थोडा वाटा पुढे केला की माणसे पुष्कळदा तो झिडकारतात, स्वतःचे नुकसान सोसूनही झिडकारतात, असे त्या प्रयोगात आणि पुढे ठिकठिकाणी झालेल्या तशाच प्रयोगांत दिसून आले. म्हणजे ज्याला आम्ही आकस म्हणतो त्याच्या मुळाशी कित्येकदा न्यायाची भूक असते. नाक कापून घेणाऱ्या त्या गृहस्थाकडे आम्ही तेव्हापासून थोड्या सहानुभूतीने पाहू लागलो. मात्र पत्त्यांच्या बैठकीत त्याची एक चूक होते. पाने पिसून वाटलेली असतात. अन्याय झाला असलाच तर तो दुसरीकडे, आणि ते भांडण तो निरपराध सत्तीकडून लढवून घेतो.

कोकणातल्या एका घरी आम्ही सुट्टीसाठी उतरलो होतो, तेथे हे आम्हांस डोळ्यांनी पाहावयास मिळाले. दोघे भाऊ, दोघेही पन्नाशी उलटलेले. आदल्या वर्षी घराची आणि कलमांच्या बागेची वाटणी झालेली. विहीर थोरल्यांच्या हद्दीत गेली होती, आणि पाणी दोघांचे असे कागदावर लिहिलेले असले तरी धाकट्यांच्या मनातून ती विहीर गेली नव्हती. म्हातारी आत्या हयात, म्हणून सुट्टीत चूल एक. रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बदाम सात मांडला. आम्ही, दोघे भाऊ, आत्या आणि थोरल्यांची मुलगी, असे पाच जण. त्या घरी पान असूनही ‘पास’ म्हणण्याची मुभा होती. चौकटची सत्ती काही केल्या पडेना. इतर रंगांच्या रांगा एक्क्यापासून राजापर्यंत भरत आल्या, थोरल्यांच्या हाती नुसती चौकट साठलेली सर्वांना कळत होती, आणि धाकटे दर पाळीला छताकडे पाहून ‘पास’ म्हणत होते. शेवटी आत्या सुटल्या. पाने उघडी केली तेव्हा थोरल्यांकडे सहा चौकट निघाल्या. धाकट्यांकडे सत्ती, आणि तिच्या मागे त्यांची स्वतःची राणी व राजा. सत्ती वेळेवर सोडती तर हे दोघेही सुटण्याची आशा होती. मुलगी म्हणाली, ‘काका, सत्ती तुमच्याकडेच होती? मग तुम्ही स्वतःच अडकलात की!’ काका नुसते हसले. ते हसणे आम्हांस चांगले वाटले नाही.

थोरल्यांनी काही न बोलता पाने गोळा केली आणि पिसली. पुढच्या डावात उलटे झाले. इस्पिकची छक्की थोरल्यांकडे, आणि तिच्यावाचून धाकटे अडलेले. त्यांच्या ‘पास’मध्ये आता खरेपणा होता. थोरल्यांनी दोन पाळ्या दुसरी पाने टाकली आणि तिसऱ्या पाळीला छक्की शांतपणे खाली ठेवली. धाकटे एकदम तडकले. ‘दादा, मला तुझी दया नको!’ थोरल्यांनी हातातली पाने उलटी करून दाखवली. ‘दया कसली! दुर्री आणि एक्का माझेच अडकून पडलेत. छक्की सोडू नको तर काय करू?’ खरोखरीच इस्पिकची दुर्री आणि एक्का त्यांच्याजवळ होते. धाकट्यांनी ती दोन पाने बराच वेळ निरखून पाहिली. अपमानाची तयारी केलेल्या माणसाला अपमान न मिळाल्याने जसे रिकामे वाटावे, तसे त्यांचे झालेले दिसले. पाने उघडी पडल्यामुळे तो डाव अर्थातच मोडला.

दुसऱ्या रात्री आत्यांनी बदाम सात मांडूच दिला नाही. ‘आज मेंढीकोट’, असे सांगून त्यांनी आम्हांस आपल्यासमोर बसवले, आणि दोघा भावांना एकमेकांसमोर. भिडू कसे मागावे याविषयी कोणाचे मत विचारले नाही. पहिल्या दोन डावांत त्या दोघांची दाणादाण उडाली. दुसऱ्यात तर आम्ही चारी मेंढ्या घेऊन त्यांच्यावर कोट चढवला. पाने खाली पडताच थोरले कडाडले, ‘अरे, किलवरचा एक्का अजून बाहेर होता, आणि तू मेंढी टाकलीस?’ धाकटे म्हणाले, ‘मला वाटले, तू हुकूम मारशील.’ ‘हुकूम कसा मारणार? माझ्याकडे किलवर नव्हते काय!’ ‘ते मी काय ओळखावे? पहिल्या हाताला तू नव्वी टाकायची सोडून राणी का टाकलीस?’ आत्यांनी आम्हांस खूण केली, आणि आम्ही कंदील त्यांच्याजवळ ठेवून आत निजावयास गेलो. ओटीवर किलवरच्या राणीवरून वाद चालूच होता. तो किती वेळ चालला ते आम्हांस सांगता येणार नाही. पहाटे उठून पाहिले तेव्हा पाने दोघांच्या जागांपुढे तशीच मांडलेली होती, आणि धाकटे विहिरीवर दोन्ही घरांच्या कळशा भरीत होते.